स्वर्गाची ओढ वाटत नाही, मग श्रद्धेत आनंद कशाचा?

प्रश्न विचारणारे गोव्यातल्या बार्देशातले एक गृहस्थ आहेत. लहानपणी कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गात ते जे शिकले त्याचा गाभा एवढाच होता की चांगले वागलात तर स्वर्ग, वाईट वागलात तर नरक. आजही रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकत नाही, संध्याकाळी घरी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, होतो. पण स्वर्गाचे नाव काढले तरी आता मन हलत नाही. स्वर्ग नाहीच असे त्यांचे म्हणणे नाही. त्याच्यासाठी म्हणून काही करावेसे वाटत नाही, इतकेच. मग ख्रिस्ती असण्यात आनंद तो कसला, की नुसती सवय उरली आहे, असे ते विचारतात.

ही अवस्था म्हणजे श्रद्धा गेली असे समजू नका. कुमसाराच्या (पाद्रींपुढे पापे कबूल करण्याच्या) शिकवणीतच पश्चात्तापाचे दोन प्रकार सांगितले आहेत. शिक्षेच्या भीतीने होतो तो अपूर्ण, देवावरच्या प्रेमापोटी होतो तो पूर्ण. अपूर्ण पश्चात्तापालाही चर्च नाकारत नाही. पण दोहोंत वरचा कुठला याबद्दल तिने संदिग्धता ठेवलेली नाही. बाराव्या शतकात क्लेअरव्होचे संत बर्नार्ड यांनी मांडले की देवावर प्रेम करणाऱ्याला फळ मिळतेच, मात्र फळावर डोळा ठेवून ते प्रेम करायचे नसते. आणि ज्यांचे शव जुन्या गोव्यात आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नावावर एक लॅटिन प्रार्थना शतकानुशतके म्हटली जाते. तिचा आशय असा की देवा, माझे तुझ्यावर प्रेम आहे ते स्वर्ग मिळावा म्हणून नाही की नरक चुकावा म्हणूनही नाही. ती मुळात एका अनामिक स्पॅनिश सुनीतावरून आली असावी असे अभ्यासक मानतात. झेवियरांची असो वा नसो, चर्चने ती आपली मानून म्हटली. मुक्ती नको, भक्ती दे, असे मागणाऱ्या संतांच्या भाषेत वाढलेल्या मराठी माणसाला तर हे नवे वाटू नये.

आता बायबलकडे. जुन्या करारातल्या बहुतेक लेखकांपुढे आपण समजतो तसा स्वर्ग नव्हताच. मेलेली माणसे अधोलोकात जातात आणि तिथून देवाची स्तुतीही होत नाही, अशी त्यांची समजूत होती. स्तोत्रसंहितेतली ६, ३०, ८८ आणि ११५ ही स्तोत्रे वाचून पाहा. मेलेल्यांच्या उठण्याबद्दल अगदी उघड भाषा येते ती दानीएलाच्या १२व्या अध्यायात, आणि तो ग्रंथ बहुतेक अभ्यासकांच्या मते ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात आजच्या रूपात आला. तरी याच लोकांनी १०४वे स्तोत्र रचले. त्यात डोंगरातून वाहणारे झरे आहेत, झाडावरची पाखरे, माणसाचे मन रिझवणारा द्राक्षारस, संध्याकाळपर्यंत कामाला जाणारा माणूस आणि ज्यावर गलबते चालतात तो अफाट समुद्र आहे. मरणानंतरच्या बक्षिसाचा एक शब्द नाही. देव आहे आणि त्याने हे केले आहे, एवढ्यावरच ते गाणे उभे आहे.

इथे कोणीही जाणता माणूस प्रेषित पौलाचे वाक्य पुढे करील: ख्रिस्तावरची आशा याच आयुष्यापुरती असेल तर आमच्याइतके केविलवाणे कोणी नाही (१ करिंथ १५:१९). हरकत रास्त आहे. पुनरुत्थान ख्रिस्ती श्रद्धेतून काढून टाका असे इथे सांगायचे नाही. सदूकी हा यहुद्यांमधला पंथ ते नाकारत होता आणि येशूने त्यांना तोंडावर चूक ठरवले. पण पौलाचा तो अध्याय शेवटपर्यंत वाचा. ५८ ओव्यांचा इतका मोठा युक्तिवाद करून तो येतो कुठे, तर 'म्हणून कामात खंबीर राहा, तुमचे श्रम फुकट जात नाहीत' इथे. आणि १६व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी कशी जमवायची ते सांगतो: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे. पुनरुत्थान त्याला मजुरी म्हणून नको होते. आजच्या कामाला अर्थ आहे याची ती खात्री होती. योहानाच्या शुभवर्तमानात (१७:३) सार्वकालिक जीवन म्हणजे देवाला आणि त्याने पाठवलेल्याला ओळखणे असे म्हटले आहे, आणि ओळख आज सुरू होते.

तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात आहे, पण पैसा उडवून घरी परतलेल्या उधळ्या मुलात नाही, त्याच्या थोरल्या भावात. तो शेतातून येतो तेव्हा धाकटा परतल्याच्या आनंदात घरात गाणे आणि नाच चाललेला त्याला ऐकू येतो, आणि तो आत जात नाही. बापाला म्हणतो, इतकी वर्षे मी तुझी चाकरी करतोय, मित्रांबरोबर मजा करायला तू मला एक करडूसुद्धा दिले नाहीस. बाप म्हणतो, बाळा, तू नेहमी माझ्याबरोबर आहेस, माझे आहे ते सगळे तुझेच आहे. थोरल्याचे दुखणे आपल्या नेमस्त, शिस्तीच्या ख्रिस्ती घरांतले दुखणे आहे. तो मुलगा असून गड्यासारखा राहिला, रोजाचा हिशोब ठेवत. स्वर्गाची ओढ कमी झाल्यावर तुम्हाला जे रिकामे वाटते ते पुष्कळदा हिशोबाची वही बंद झाल्याचे रिकामेपण असते. घर जागेवर आहे.

मात्र 'आता आनंदी व्हायचे' असे ठरवून आनंद येत नाही, आणि याचे कारण संत थॉमस अक्वायनस यांनी नेमके दिले आहे. त्यांच्या मते आनंद हा स्वतंत्र सद्गुण नाही, तो प्रेमाचा परिणाम आहे. म्हणून आनंदावर नेम धरणारी प्रार्थना थोड्याच दिवसांत स्वतःचीच नाडी तपासत बसते: आज वाटले का, काल जास्त वाटले होते का. नेम धरायचा तो लक्ष देण्यावर, कृतज्ञतेवर आणि माणसांवर. पुढचे सगळे त्यासाठीच आहे.

सुरुवात रात्रीच्या मनन-तपासणीने करा. लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी ती पाच टप्प्यांत लिहून ठेवली आहे, आणि त्यांच्या क्रमात आभार पहिले येतात, पापे नंतर. एकूण बारा मिनिटे पुरेत. तेर्स संपल्यावर लगेच बसा, कारण घर तेव्हा आधीच शांत झालेले असते. अंथरुणावर पडून केली तर झोप लागते. पहिली चार मिनिटे आजच्या तीन गोष्टींचे आभार. 'आरोग्य, कुटुंब, नोकरी' चालणार नाही, ती रोजचीच यादी होते. आजची, तारीख घालता येईल अशी गोष्ट हवी: दुपारी मांडवीवरून आलेला वारा, बाजारात सुट्टे पैसे नसताना 'उद्या द्या' म्हणालेली मासळीवाली, बहिणीचा फोन. मग अर्धा मिनिट, दिवस नीट दिसू दे एवढे मागणे. नंतर पाचेक मिनिटे दिवस तासातासाने डोळ्यांसमोरून जाऊ द्या आणि पाहा, मन कुठे मोकळे झाले आणि कुठे आखडले. मग एकाच गोष्टीची क्षमा. शेवटी उद्याचे एक नाव आणि एक वेळ, उदाहरणार्थ 'सकाळी दहाला भावाला फोन'.

यात बिघडते ते बहुधा चौथ्या टप्प्यावर. आपल्याला कुमसाराची तयारी लहानपणापासून शिकवलेली असते, त्यामुळे क्षमेचा टप्पा फुगतो, बाकीचे चार गिळतो आणि महिन्याभरात माणूस तपासणीच टाळू लागतो. त्यावर उपाय म्हणजे घड्याळ: आभारांना क्षमेच्या दुप्पट वेळ, कमी नाही. दुसरी चूक डायरीची. पानेच्या पाने लिहू नका. वहीत रोज एक ओळ पुरे, 'मोकळे कशात, आखडले कशात', आणि चार आठवड्यांनी सगळ्या ओळी एका बैठकीत वाचा. काही नावे आणि काही कामे परत परत आलेली दिसतील. इग्नेशियसनाही हे असेच सापडले. १५२१ मध्ये पाय मोडून लोयोलाला पडून असताना शौर्याची स्वप्ने त्यांना रंगवताना गोड लागत आणि नंतर मन कोरडे करत. संतांसारखे जगण्याच्या विचारांनी आलेली प्रसन्नता मात्र मागे टिकून राही. विचार सुरू कसा होतो यापेक्षा तो माणसाला कुठे नेऊन सोडतो ते पाहायचे. ज्या गोष्टी तुम्हाला मोकळे सोडतात त्यांना आठवड्यात जास्त जागा द्या.

सकाळी एक स्तोत्र. रोज नवे नको, एकच स्तोत्र आठवडाभर, मोठ्याने, उभे राहून. मनातल्या मनात वाचले की डोळे पुढे पळतात. ही मुळात गाणी आहेत, जिभेला ती लागायला हवीत. सुरुवातीचे आठ आठवडे ८, २३, १०३, १०४, १२६, १३१, १३९ आणि १४८ घ्या. जुन्या कॅथलिक प्रतींत क्रमांक एकाने मागे असू शकतो, तेव्हा पहिली ओळ पडताळून पाहा. १०४ साठी पावसाळा सुरू होण्याचे दिवस उत्तम. १ जूनपासून ट्रॉलर किनाऱ्याला लागलेले असतात, दर्या खवळलेला असतो, आणि 'समुद्र' हा शब्द वाचताना कान तिकडे असतात. फक्त गोड स्तोत्रे वाचू नका. मन खरेच काळवंडलेले असेल तेव्हा ८८ वाचा. ते स्तोत्र अंधारातच संपते आणि तरी प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. तक्रार करायला जागा नसलेली भक्ती थोड्याच दिवसांत नाटकी होते.

मराठीत प्रार्थना करायला संकोच वाटत असेल तर सोडा. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोलला छापले गेले ते मराठी ओवीतच, आणि गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या लोकांनी ते चर्चमध्ये ऐकले आणि गायले. येशूची कथा गात गात ऐकणे हा गोव्याचा चारशे वर्षांचा परिपाठ आहे. जुनी भाषा जड गेली तरी दहा ओव्या चालीवर म्हणून पाहा.

मिस्सेत काय करायचे? उपदेश चांगला असेल की नसेल हे तुमच्या हातात नाही, म्हणून आनंद त्यावर टांगू नका. तीन साध्या गोष्टी करा. शनिवारी रात्री रविवारचे शुभवर्तमान घरी एकदा वाचून ठेवा. सुरू होण्याआधी दहा मिनिटे पोहोचा, कारण धावत आलेल्या माणसाचे मन अर्पणविधीपर्यंत पार्किंगमध्येच असते. आणि मिस्सेत एकमेकांना शांती देतात तेव्हा शेजाऱ्याकडे खरेच बघा. मागच्या दाराशी उभे राहून मिस्सा 'पाहणाऱ्यांना' गाणे आणि माणसे दोन्ही लांब पडतात. जमल्यास गायकवृंदात शिरा. सूर बेताचा असला तरी चालेल. पन्नास माणसांबरोबर श्वास घेत गाण्याने जे होते ते एकट्याच्या विचाराने होत नाही.

आपल्याकडे एक असमतोल आहे आणि तो मला फार खटकतो. पास्काआधीचे (ईस्टरआधीचे) उपवासाचे ४० दिवस आपण मनापासून पाळतो: क्रुसाची वाट, मोतेत ही शोकगीते, संथ मिरवणुका, लग्ने बंद. पास्कापासून पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, ५० दिवस आनंदाचा काळ आहे, म्हणजे उपवासापेक्षा मोठा, आणि तो कोणी पाळत नाही. खरे तर तेव्हाच लग्ने सुरू होतात, म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीचे (मारीयेचे) फेस्त, म्हणजे सण, येते, मे महिन्यात वाड्यावाड्यावर खुरसाकडे (क्रुसाकडे) लदीन ही गाऊन म्हणायची प्रार्थना होते, नंतर उकडलेले चणे वाटले जातात. आनंदाचे सामान सगळे हजर असते, ते पास्काचे आहे एवढेच कोणाच्या ध्यानात नसते. म्हणून ५० दिवसांसाठी एक नेम करा, उपवासाच्या नेमाइतकाच कडक: आठवड्यातून एकदा कोणालातरी घरी जेवायला बोलावणे. ज्याला परत बोलावणे परवडत नाही अशाला. लूक १४ मध्ये येशूने अगदी हेच सांगितले आहे.

फेस्तांना 'वरवरचे' म्हणून नाक मुरडणारे लोक असतात. माझे मत उलट आहे. २४ जूनला सांजांवच्या, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या फेस्ताच्या दिवशी डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून विहिरीत उड्या मारतात त्याचा संबंध लूकच्या पहिल्या अध्यायाशी जोडला जातो. येशूची आई मारीया हिचा आवाज ऐकून एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने, म्हणजे योहानाने, आनंदाने उडी मारली. जन्मालाही न आलेल्याचा हा आनंद. त्यात कुठला हिशोब? काना गावच्या लग्नात येशूने केलेले पहिले चिन्हही असेच. सहा दगडी रांजण, प्रत्येकी साधारण ८० ते १२० लिटरचा, म्हणजे पाचशे-सातशे लिटर द्राक्षारस, आणि तोही पाहुणे बरेचसे पिऊन झाल्यावर. त्या घरात कोणी मेलेले नव्हते, आजारी नव्हते. फक्त यजमानांची फजिती होणार होती. पण फेस्त दोन ठिकाणी बिघडते. एक म्हणजे दारू, जी सणाच्या संध्याकाळी घरातल्या बायकांचा आनंद खाऊन टाकते. दुसरे कर्ज. फेस्ताचे यजमानपद आले म्हणून बँड, दारूकाम आणि जेवणावळ उधारीवर करणाऱ्या घरात पुढे दोन वर्षे तेर्सही चिडचिडीत होतो. ऐपत नसेल तर पाद्रींना स्पष्ट सांगा आणि दोन-तीन घरांनी मिळून फेस्त करा.

सेवेबद्दल थोडे सावध बोलायला हवे, कारण बंद केलेली हिशोबाची वही इथेच मागच्या दाराने परत येते. 'एवढे केले, म्हणजे पुण्य जमा झाले.' मत्तयच्या २५व्या अध्यायातल्या न्यायाच्या प्रसंगात नीतिमान लोक चकित होऊन विचारतात, प्रभो, आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिला? त्यांनी नोंद ठेवलेलीच नव्हती. झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले आणि राहिले इस्पितळात, रोग्यांजवळ. बाणावलीत जन्मलेले संत जुझे वाझ श्रीलंकेतल्या कँडीला देवीची साथ आली तेव्हा लोक पळत असताना रोग्यांमध्येच थांबले. दोघेही स्वर्ग मानत होते, यात शंका नाही. पण रोग्याच्या उशाशी बसलेला माणूस रोग्याकडे पाहतो. तुमच्यासाठी माप लहान ठेवा: एकच माणूस, एकच वार, एक तास. वाड्यावरची एकटी राहणारी आजी चालेल, बांबोळीच्या इस्पितळात नातेवाईक नसलेला रोगी चालेल. सामान कमी न्या, बसा जास्त. फोटो काढू नका. तीन महिने माणूस बदलू नका, कारण पहिल्या महिन्यात तुम्ही पाहुणे असता आणि ओळख त्यानंतर होते. दहा ठिकाणी धावणारे लवकर थकतात आणि मग माणसांवर चिडू लागतात.

कोरडे दिवस येणारच. इग्नेशियस त्याची तीन कारणे देतात: आपली हयगय, पगार नसताना आपण किती चालतो याची पारख, आणि सांत्वन हे दान आहे, कमाई नव्हे, हे कळावे म्हणून. पगाराचा शब्द त्यांचाच आहे. त्यांचे नियम सोपे आहेत. कोरडेपणात आधीचा ठराव बदलू नका. मिस्सा सोडायची की नाही हे अशा दिवशी ठरवायचे नाही. बारा मिनिटांत उठावेसे वाटले तर तेरा बसा. आणि गुपित ठेवू नका, जाणत्या माणसाला सांगा.

पण सगळेच कोरडेपण आध्यात्मिक नसते. झोप उडाली आहे, भूक गेली आहे, आवडीच्या कशातच रस नाही, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चालले आहे, तर आधी डॉक्टर. बांबोळीला मनोविकारांची सरकारी संस्था आहे. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालतो. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी सांगा, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) संपायची वाट पाहू नका. प्रार्थना सोबत चालू ठेवता येते, ती औषधाच्या जागी नाही.

एक कळकळीची सूचना. हे सगळे वाचून घरात नुकतेच माणूस गेलेल्याला 'स्वर्गाचा विचार सोड' असे सांगायला जाऊ नका. ज्या आईने मूल पुरले तिची आशा मजुरीची नसते, भेटीची असते. ती काढून घेण्याचा अधिकार कोणाला नाही, आणि नोव्हेंबरात ती मेलेल्यांसाठी मिस्सा लावते तेव्हा तिच्याबरोबर जाऊन बसा.

राहिला श्रद्धाकथनाचा प्रश्न: 'येणाऱ्या युगातील जीवन' ही ओळ आपल्याला नीट पटत नसताना म्हणायची का? म्हणा. मिस्सेतले श्रद्धाकथन हा तुमचा एकट्याचा जबाब नाही, सगळ्या मंडळीने मिळून म्हणायची ती गोष्ट आहे; ज्या ओळीला तुमचा आवाज आज क्षीण आहे तिला शेजारचा पुरतो, आणि दुसऱ्या एखाद्या ओळीला तुमचा त्याला पुरत असेल. 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक' असे म्हणणाऱ्या बापाला (मार्क ९:२४) येशूने परत पाठवले नाही. ही अडचण मार्गदर्शकापुढे मांडायची असेल तर कुमसाराच्या रांगेत मांडू नका, तिथे मागे माणसे ताटकळत असतात. वेगळी वेळ मागा, वहीतल्या चार आठवड्यांच्या ओळी बरोबर न्या, आणि 'मला स्वर्ग पटत नाही' यावरून वाद सुरू करण्याऐवजी मन कशात मोकळे होते तिथून बोलायला लागा.